जिगरचा रकाना

रविवारी सकाळी इसाक अभ्यासिकेत आला, तो चपला न काढताच. सतरंजीवर दहा-बारा मुलं बसली होती. त्यांच्यामधून वाट काढत तो सरळ माझ्या टेबलापाशी आला आणि हात पुढं करून म्हणाला, "सर, चावी."

"कोणती चावी?" मला कळलं होतं, तरी मी विचारलं.

"या खोलीची. तुमच्याकडची न्हाई. त्या पोरीकडची."

ती पोरगी, म्हणजे सहर, खिडकीजवळच्या कॉम्प्युटरसमोर बसली होती. तिनं मान वळवली नाही. इसाकच्या मागं त्याचा मुलगा शहेबाज उभा होता. तो मात्र सगळ्यांकडं एकेक करून बघत होता, कोण हसतंय का ते.

इसाक हा केजमधला फळांचा मोठा व्यापारी. खाली त्याचं गोदाम आणि वर ही खोली. सातवीत तो माझ्या वर्गात होता. मी शाळेतून निवृत्त झालो तेव्हा मुलांना बसायला जागा व्हावी म्हणून त्यानंच ती खोली दिली आणि चार वर्षांत त्याबद्दल कधी एक शब्द काढला नव्हता. सीताफळांच्या दिवसांत खालून वास येतो आणि मुलांचं अभ्यासात लक्ष लागत नाही, एवढीच काय ती अडचण.

सहर नववीत आहे. तिचे वडील अल्ताफ बसस्टँडमागं जिपा दुरुस्त करतात. गॅरेजच्या मागच्या एका खोलीत पाच माणसं राहतात आणि सातला हातोडा सुरू होतो. म्हणून ती सहाला अभ्यासिका उघडते आणि शाळेची वेळ होईपर्यंत वाचत बसते. वर्षभरापूर्वी दुसरी चावी मीच तिला दिली होती.

भांडण होतं खेळावरून. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानं पुण्याहून तीन वापरलेले कॉम्प्युटर पाठवले, त्यांत बास्केटबॉलचा एक खेळ होता. त्यात खेळाडूला आपण पळवायचं नसतं. आपण फक्त संघ निवडायचा आणि बटण दाबायचं. सामना कॉम्प्युटरच खेळतो आणि अर्ध्या मिनिटाच्या आत निकाल सांगतो. प्रत्येक खेळाडूच्या नावापुढं पाच रकाने, आणि प्रत्येक रकान्यात शंभरपैकी एक आकडा. रकान्यांची नावं इंग्रजीत होती, ती मुलांनी आपली करून घेतली: उंची, नेम, उडी, दम आणि शेवटी जिगर. खेळाडूंची नावंही बदलली. तिकडचे लोक गेले आणि त्यांच्या जागी सुंदरराव, धर्मराज असे गडी आले. आमच्या इथं बास्केटबॉलचा खरा खांब एकच आहे, शाळेच्या मैदानात, आणि त्याची कडी कुणीतरी कधीच काढून नेली आहे. तरी मुलं या खेळाच्या नादानं सरासरी काढायला शिकली, म्हणून संध्याकाळी अर्धा तास मी तो खेळू देत असे.

दिवाळीनंतर मुलांनी आठ संघांची स्पर्धा घेतली. चिठ्ठ्या टाकून पाळीपाळीनं खेळाडू निवडले. शहेबाजची पाळी पहिली आली. त्यानं दर पाळीला नव्वदच्या वर जिगर असलेलाच गडी उचलला. सहरची पाळी शेवटची. तिनं उरलेले घेतले, त्यात तो धर्मराज, नेम एक्क्याण्णव आणि जिगर अठरा. पोरं हसली होती. सहरनं आपल्या संघाला आईच्या गावाचं नाव दिलं, चौसाळा. चौसाळा संघानं चौदापैकी बारा सामने जिंकले. शहेबाजच्या 'केज किंग'नं पाच.

तेव्हापासून शहेबाज सांगत फिरत होता की सहर सकाळी सहाला येऊन आकडे बदलते. आज ते गाऱ्हाणं बापापर्यंत पोचलं होतं.

"अठरा जिगरचा माणूस नव्वदवाल्याला हरवतोय," इसाक म्हणाला. "एकदा ठीक हाय. दरवेळी कसा? सकाळी सहाला हितं कोण असतंय सांगा."

"जिगरचा काही उपयोगच न्हाई," सहर कॉम्प्युटरकडं बघतच म्हणाली. "तो रकाना नुसता दिसायला हाय."

"ऐका. खेळ बनवणारे येडे हायत," शहेबाज म्हणाला. "उगी ठिवलाय त्यांनी रकाना."

"उगी कशाला? तुझ्यासारख्यांसाठी ठिवलाय."

योगिता नावाची सहावीतली मुलगी खुदकन हसली आणि लगेच तिनं तोंडावर हात ठेवला. इसाक हसला नाही. "बघा हिचं तोंड," तो मला म्हणाला. "चोर ती चोर, वर शिरजोर. आसली पोरं माझ्या जागेत नकोत."

मी म्हणालो, "इसाक, भांडून हे कळायचं नाही. मोजून कळेल."

मी सगळ्यांना समजेल असं सांगितलं. दोन संघ करायचे. दोन्हींत तेच पाच खेळाडू, तेच आकडे. फरक फक्त जिगरमध्ये. एका संघात सगळ्यांची जिगर पंच्याण्णव, दुसऱ्यात सगळ्यांची पाच. मग शंभर सामने लावायचे. जिगरचा उपयोग नसेल तर निकाल पन्नास-पन्नासच्या आसपास राहील, थोडा इकडंतिकडं. जिगरवाला संघ साठच्या वर गेला, तर उपयोग आहे असं धरू. आणि उपयोग नाही असं निघालं, तर सहर आकडे न बदलताच जिंकली, कारण बाकीच्या चार रकान्यांत तिचेच खेळाडू सरस होते.

"चालंल," सहर म्हणाली.

"साठच्या वर गेला की चावी माझी," इसाक म्हणाला. "आन ती पुन्हा हितं पाय ठिवणार न्हाई."

"इथं कोणी पाय ठेवायचा ते मी ठरवतो."

"जागा माझी हाय, सर."

हे तो चार वर्षांत पहिल्यांदा म्हणाला. मुलं माझ्याकडं बघायला लागली. सहर उठली, ओढणीच्या टोकाची गाठ सोडली आणि चावी काढून कॉम्प्युटरच्या टेबलावर ठेवली.

मी स्वतः खुर्चीवर बसलो. दोन संघ तयार केले. एकाचं नाव 'जिगरवाले', दुसऱ्याचं 'बिनजिगर'. सामना लावताना पडद्यावर एक नाव वर लिहावं लागतं आणि एक खाली. आमच्याकडं कुस्त्यांचा फड असो की क्रिकेटची स्पर्धा, ज्याची जागा त्याचं नाव आधी. फलकावरही तेच वर. नाव खाली गेलं म्हणून मांडवातून उठून गेलेली माणसं मी पाहिली आहेत. इसाक समोर उभा होता, आधीच तापलेला. मी त्याच्या मुलाच्या बाजूचा संघ वर लिहिला. त्यावर विचारही केला नाही. मग 'पुन्हा' हे बटण दाबत गेलो.

योगिता फळ्यावर रेघा ओढत होती. शहेबाज मोठ्यानं मोजत होता. चाळीस सामने झाले तेव्हा जिगरवाले पंचवीस, बिनजिगर पंधरा.

"अजून लई बाकी हायत," सहर म्हणाली.

"व्हय. अजून लई हरायचंय तुला," शहेबाज म्हणाला.

तेवढ्यात अल्ताफ आला. त्याला कुणीतरी गॅरेजात जाऊन सांगितलं असणार. हात कोपरापर्यंत ऑइलनं काळे होते. त्यानं दारात चपला काढल्या आणि तिथंच उभा राहिला. इसाकनं त्याच्याकडं पाहिलं नाही. त्यानंही इसाकला सलाम केला नाही. एकाच गल्लीत वाढलेली ही दोन माणसं.

सत्तर सामने झाले तेव्हा चव्वेचाळीस-सव्वीस. शंभरावा निकाल आला आणि योगितानं शेवटची रेघ ओढून बेरीज लिहिली. जिगरवाले चौसष्ट, बिनजिगर छत्तीस.

"बोला, सर," इसाक म्हणाला.

"आकडा चौसष्ट आहे," मी म्हणालो. सहर माझ्याकडं बघत होती. तिच्याकडं न बघता मी पुढं म्हणालो, "ठरलं होतं ते साठ. सहर, आकड्यापुढं मला बोलता येत नाही." आणि मी टेबलावरची चावी उचलली.

"मी एकबी आकडा बदलला न्हाई, सर."

"चल घरी," अल्ताफ दारातून म्हणाला. "लई झालं शिक्षण. गल्लीनं चोर म्हणलं ते म्हणलं, आता मास्तरबी म्हणले."

"मी तिला चोर म्हणालो नाही, अल्ताफ."

"चावी तर उचलली तुमी."

इसाकनं हात पुढं केला होता. चावी माझ्या मुठीत होती आणि मी ती अजून दिली नव्हती, ती का, हे मला आजही नीट सांगता येणार नाही. सहर जागची हलली नाही. तिनं दप्तरातून वही काढली. स्पर्धेतल्या सगळ्या छप्पन सामन्यांचे निकाल त्यात होते, प्रत्येक सामन्याचं वरचं नाव, खालचं नाव आणि गुण. ती एकेका ओळीवर बोट ठेवून काहीतरी मोजायला लागली.

"हरल्यावर वही काढली बघा," शहेबाज म्हणाला. "आता ह्यात सापडंल जिगर."

कुणी हसलं नाही. दोन पानं संपली तेव्हा सहरनं वर पाहिलं.

"सर, तुमी नावं वरखाली केली का?"

"नाही."

"कावून न्हाई?"

मी फळ्यावरच्या रेघांकडं पाहिलं.

"शंभरच्या शंभर वेळा ह्याचाच संघ वर. आमच्या स्पर्धेत तसं नव्हतं. प्रत्येक जोडीचे दोन सामने, एकदा ह्याचं नाव वर, एकदा त्याचं. तरीबी छप्पनपैकी पस्तीस वेळा वरचंच नाव जिंकलंय." तिनं पडद्याला बोट लावलं. "आन हे घर कशाचं हाय, सर?"

वरच्या नावाशेजारी मोहरीएवढं एक घराचं चित्र होतं. ते आम्ही सगळेच कित्येक महिने बघत होतो. नक्षी असेल म्हणून कुणी विचारलं नव्हतं. वरचा संघ स्वतःच्या मैदानावर खेळतो, एवढंच त्या चित्राचं म्हणणं होतं.

मी चष्मा काढून पुसला. वर्गात मी वर्षानुवर्षं सांगत आलो आहे की एखादी गोष्ट तपासायची असेल तर एका वेळी एकच गोष्ट बदला, बाकी सारखी ठेवा. इथं मी दोन बदलल्या होत्या. एक जिगर, आणि दुसरी इसाकचा मान राखायला.

"इसाक," मी म्हणालो, "चूक माझी आहे. अजून शंभर सामने घ्यावे लागतील. नावं उलटी करून."

"निकाल लागल्यावर नियम बदलायचा? मला खाली गाडी उतरवायचीय, सर."

"आमचं नाव खाली जाणार न्हाई," शहेबाज म्हणाला.

"वरखाली केल्यानं काय होतंय?" सहर त्याच्याकडं वळली. "काहीच होत नसंल तर घाबरतोस कावून?"

"कोण घाबरतंय?"

"मग बस ना खुर्चीवर. तूच दाब बटण. पुन्हा म्हणू नको मी बदललं."

शहेबाजनं बापाकडं पाहिलं. इसाकनं कोपऱ्यातली लोखंडी खुर्ची पायानं ओढली आणि तिच्यावर बसला. "कर खाली," तो म्हणाला. "माझं नाव कुठंबी लिव्हा, माझंच राहतंय."

दुसऱ्या शंभरात मोजायला आवाज शहेबाजचाच होता, पण तो तिसाव्या सामन्यापर्यंतच. पुढं पुढं तो नुसतं बटण दाबत गेला आणि योगिता मोजत गेली. सत्तराव्या सामन्याला इसाक खुर्चीवरून उठून पडद्याजवळ आला. खाली गाडीवाला हॉर्न वाजवत होता. इसाकनं खिडकीतून हात हलवून त्याला गप्प केलं.

शंभर पूर्ण झाले. या वेळी वर लिहिलेले बिनजिगर त्रेसष्ट, खाली लिहिलेले जिगरवाले सदतीस. योगितानं दोन्ही शंभरांची बेरीज न सांगताच केली. जिगरवाले एकशे एक, बिनजिगर नव्व्याण्णव.

"कॉम्प्युटर बिघडलाय," शहेबाज म्हणाला.

"थोबाड बंद कर," इसाक म्हणाला. त्यानं पडद्यावर दोन्ही मुलांचे स्पर्धेतले संघ काढायला लावले. धर्मराजच्या ओळीवर बोट ठेवून तो एकेक आकडा वाचत गेला, बाजारात पेटी उघडून खालच्या थरातली फळं बघावीत तसा. मग शहेबाजच्या पाच जणांच्या ओळी वाचल्या. शेवटी मुलाकडं वळून म्हणाला, "चकचकीत कागदाची पेटी उचललीस तू. आत काय हाय ते बघितलंच न्हाईस. आन मला जिना चढवून आणलंस ते ह्या पोरीला चोर म्हणायला?"

शहेबाजचा चेहरा लाल झाला. सगळी मुलं बघत होती. मला त्याची दया आली. पण मी मध्ये पडलो नाही. त्या दिवशी मी आधीच एकदा मध्ये पडून घोळ घातला होता.

इसाक सहरला काही बोलला नाही. दारात अल्ताफसमोर मात्र थांबला. "माझ्या टेम्पोचा आवाज येतोय इंजिनातून," तो म्हणाला. "उद्या पाठवू का तुझ्याकडं?"

"दुसरीकडं दाखवा," अल्ताफ म्हणाला.

इसाक जिना उतरून गेला. शहेबाज त्याच्या मागं गेला, पण चार पायऱ्यांचं अंतर ठेवून.

चावी अजून माझ्या मुठीत होती. मी ती सहरपुढं केली. तिनं घेतली नाही.

"जिथनं उचलली तिथं ठिवा."

मी चावी टेबलावर ठेवली, मगाशी होती तिथं. तिनं तिथून ती उचलली आणि ओढणीच्या टोकाला गाठ मारली.

"सहर, मला माफ कर. मी घाई केली."

"माफी नको, सर. चूक काय झाली ते फळ्यावर लिव्हा. पोरं दोन दिवसांनी एवढंच सांगतेत की चौसष्ट आले होते."

मी खडू घेतला आणि लिहिलं: 'वर नाव लिहिलेल्या संघाला घरच्या मैदानाचा फायदा मिळतो. पहिल्या शंभर सामन्यांत मी नावं उलटी केली नाहीत. ती चाचणी चुकीची होती.' खाली माझी सही केली.

"तारीख राहिली," ती म्हणाली.

मी तारीख घातली.

अल्ताफनं तो मजकूर दारातूनच वाचला. तो शाळेत फार गेला नाही, त्यामुळं त्याला वेळ लागला. मग त्यानं लेकीला विचारलं, "उद्या किती वाजता उघडायचंय?"

"सहाला."

"बरं," म्हणून तो चपला घालून निघून गेला. माझा निरोप घेतला नाही.

मी एरवी आठला जातो. सोमवारी साडेसहालाच गेलो. जिन्यात अजून अंधुक होतं, खोलीत दिवा लागलेला होता. सहर खिडकीजवळ विज्ञानाचं पुस्तक घेऊन बसली होती. दुसऱ्या टोकाच्या कॉम्प्युटरपुढं, तिच्याकडं पाठ करून, शहेबाज. तो पायरीवर येऊन बसला होता आणि तिनं कुलूप काढल्यावर न बोलता आत शिरला, हे मला नंतर कळलं. रोज नऊपर्यंत झोपणारा मुलगा.

मी त्याच्या मागं जाऊन उभा राहिलो. त्यानं दोन संघ केले होते. सगळे आकडे सारखे, फरक फक्त दमच्या रकान्यात. शेजारी वही उघडी होती. पानाच्या मधोमध उभी रेघ. डावीकडं लिहिलं होतं 'दमवाले वर, पन्नास', उजवीकडं 'दमवाले खाली, पन्नास'.

"काय बघायलाव, सर?" तो मागं न वळता म्हणाला.

"काही नाही."

"पन्नास कमी पडतेत," खिडकीकडून सहरचा आवाज आला. तिनंही मान वर केली नव्हती. "शंभर-शंभर कर."

"तुला कुणी इचारलं?"

पान उलटल्याचा आवाज आला. शहेबाजनं आणखी दोन सामने लावले, निकाल लिहिले. मग पेन उचललं, दोन्हीकडचे पन्नास खोडले आणि शंभर केले.